फेल, पंक्चर आणि 'दोन माय'

 

गेल्या वर्षी आम्ही जपानला जाऊन आलो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त कोबे शहरात असतात, नातू दहा वर्षांचा आहे. कोबेला आपले सिनॅगॉग आहे, ओहेल श्लोमो, त्यामुळे शब्बाथची चिंता नव्हती. प्रवासवर्णन काही आज लिहायचे नाही. आज सांगायची आहे ती शब्दांची गंमत. अपयशाच्या शब्दांची.

झाले असे. रविवारी सकाळी नातवाची बेसबॉलची मॅच होती. आम्ही छत्री उघडून बाकावर बसलो. खेळातले आम्हाला ओ की ठो कळत नाही, पण चेंडू उंच उडाला, खाली नातू उभा, एवढे दिसले. त्याने दोन्ही हात वर केले आणि चेंडू हातमोज्याला लागून पायाशी पडला! आमच्या काळजात धस्स झाले. मुंबईत गल्लीत कॅच सोडणाऱ्याला काय काय ऐकावे लागायचे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. "आंधळा आहेस का रे" इथपासून सुरुवात. आम्हाला वाटले, आता पोराला दहा जणांचे ऐकून घ्यावे लागणार.

ती पोरे ओरडली खरी. पण काय ओरडली? "दोन माय! दोन माय!"

आम्ही मुलीला विचारले, "अगं, दोन आया कोणाच्या?" ती हसून हसून बेजार. म्हणाली, "आई, दोन माय नाही गं, 'दोनमाइ'. इंग्रजीतलं 'डोन्ट माइंड'. ज्याची चूक झाली त्याला बाकीची टीम असं ओरडून सांगते, की जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस."

इंग्रज माणूस अशा वेळी 'नेव्हर माइंड' म्हणेल. व्याकरण जपान्यांचे चुकलेच आहे. पण दहा वर्षांच्या पोराचा चेंडू सुटल्यावर आठ पोरे एका सुरात हे ओरडतात, तेव्हा व्याकरण कोण बघतो? नातू मान खाली घालून उभा होता, त्याने मान वर केली आणि टोपी सारखी केली. आम्ही मनात म्हटले, बरे झाले, पोराला खरोखरच दोन माय आहेत.

त्या दिवसापासून आम्ही एक छोटी वही केली आणि जपानी बोलण्यात इंग्रजीतले फसण्याचे, चुकण्याचे, हरण्याचे शब्द कानावर आले की लिहून ठेवू लागलो. मास्तर अर्थात नातू.

पहिला शब्द 'मिसु'. चूक झाली की मिसु. गणितात घाईने बेरीज चुकली की 'केअरलेस मिसु'. दवाखान्यात चूक झाली की तीही मिसुच. (मिस जपान निवडतात त्या बाईलाही मिसुच म्हणतात. आम्ही विचारले, कळते कसे? नातू म्हणाला, "आजी, चेहरा बघून.")

पुढे 'आउतो' आणि 'सेफु', म्हणजे आउट आणि सेफ. हे बेसबॉलमधून आले आणि घरभर पसरले. दार बंद होता होता गाडीत शिरलात, तर सेफु. गृहपाठ घरी विसरलात, तर आउतो. 'एन-जी' म्हणजे 'नो गुड'. सिनेमाच्या शूटिंगमध्ये फसलेला शॉट तो एनजी. तिथून तो कुठेही लागतो: ही तारीख मला एनजी, हा शब्द पाहुण्यांसमोर एनजी. गाडी मध्येच बंद पडली तर 'एन्सुतो', म्हणजे एंजिन आणि स्टॉप यांचे शेपूट तोडून केलेली खिचडी. लायसन्स काढून ठेवले पण गाडी कधी चालवत नाही, तो 'पेपर ड्रायव्हर'. आमच्या घरीही असा एक आहे, नाव छापत नाही.

'रिबेंजी' हा शब्द ऐकून आम्ही दचकलो. इंग्रजीत 'रिव्हेंज' म्हणजे सूड. मुलगी एका प्रसिद्ध नूडल्सच्या दुकानात आम्हाला घेऊन गेली, तर दुकान बंद. जावई शांतपणे म्हणाला, "पुढच्या शनिवारी रिबेंजी." आम्हाला वाटले, आता हा दुकानदाराला मारतो की काय! पण जपानीत रिबेंजी म्हणजे एवढेच की एकदा जमले नाही, पुन्हा करून बघू. १९९९ साली दाइसुके मात्सुझाका नावाच्या अठरा वर्षांच्या पिचरने हरल्यावर हा शब्द वापरला, आणि त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारात तो निवडला गेला. सुडातला 'पुन्हा एकदा' तेवढा जपान्यांनी ठेवून घेतला.

सगळेच शब्द असे हलकेफुलके नाहीत हो. 'रिसुतोरा' हा त्यातला कडू शब्द. मूळ 'रीस्ट्रक्चरिंग', म्हणजे कंपनीची फेररचना. १९९० नंतर जपानचा तेजीचा फुगा फुटला, कंपन्या माणसे कमी करू लागल्या, आणि रिसुतोरा याचा अर्थ सामान्य माणसाच्या तोंडी एकच उरला: नोकरी गेली. आपल्या गिरणीवाल्यांना 'लॉकआउट' शब्दाचे जे झाले, तेच हे.

हे शब्द तिकडे आले कुठून? बरेचसे मैदानातून. होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास टोकियोत विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला, त्याबरोबर त्याची भाषा आली. मग दुसरे महायुद्ध. शत्रूची भाषा नको, म्हणून १९४३ साली मैदानातले इंग्रजी शब्दही हद्दपार झाले. सेफला 'योशी', म्हणजे ठीक. आउटला 'हिके', म्हणजे माघार घे. फाउलला 'दामे', म्हणजे चालणार नाही. विचार करा, मुलांनो, बाहेर युद्ध पेटले आहे आणि पंच 'आउट' म्हणायचे नाही म्हणून जीभ चावतो आहे! युद्ध संपले आणि आउतो, सेफु परत आले. मैदानातून शब्द काढला तरी जिभेने तो जपून ठेवला होता.

कोबेपासून जवळच कोशिएन नावाचे १९२४ सालचे मोठे बेसबॉल मैदान आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे साऱ्या देशातल्या हायस्कुलांची स्पर्धा भरते. एक मॅच हरली की संघ घरी. हरलेली मुले रडतात, आणि मग गुडघ्यांवर बसून मैदानातली काळी माती हाताने पिशवीत भरतात आणि घरी नेतात. जिंकलेल्याला झेंडा मिळतो, हरलेला माती नेतो. जिथे हरलो तिथली आठवण कोणी जपून ठेवते, हे आम्हाला नवीन होते.

आता एक शब्द असा सांगतो, जो तुमच्या आमच्या तिन्ही घरांत आहे. नातवाच्या सायकलची हवा गेली. तो म्हणाला, "पांकु!" आम्ही म्हटले, "पंक्चर?" मुलगी म्हणाली, "पंचेर!" तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. एकच इंग्रजी शब्द, मराठीत पंक्चर, हिब्रूत पंचेर, जपानीत पांकु!

पण तिन्ही ठिकाणी तो वेगळे काम करतो. इथे इस्राएलमध्ये पंचेर म्हणजे टायरची हवा जाणे तर आहेच, पण कुठलीही ऐनवेळची अडचणसुद्धा. लग्नाचा हॉल रद्द झाला, पंचेर. टायरवाल्याचे दुकान ती पंचेरिया. जपानमध्ये पांकु म्हणजे जास्त भरून फुटणे. फार जणांनी एकदम फोन केले की लाइन पांकु. जास्त जेवलात की पोट पांकु. आणि आपण मराठी माणसे पंक्चर 'काढतो'! काटा काढावा तसे. सायकलवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघायचा आणि ठिगळ लावून हातात द्यायचा. पंक्चर झाले म्हणून सायकल कोणी भंगारात टाकत नसे. मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आम्ही नातवाला विचारले, "परीक्षेत नापास झालं तर कुठला इंग्रजी शब्द वापरता?" तो गप्प. मुलगी म्हणाली, "आई, तिथे ते इंग्रजी वापरत नाहीत. तिथे त्यांचा स्वतःचाच शब्द असतो, 'ओचिरु', पडणे. आणि 'सुबेरु', घसरणे. परीक्षा जवळ आली की हे शब्द घरात उच्चारायचेसुद्धा नाहीत." म्हणजे पाहा, परीक्षेला बसलेल्या मुलासमोर "पाय घसरेल" असेही म्हणायचे नाही! पूर्वी विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल परगावच्या मुलांना तारेने यायचा. पास झाला तर 'साकुरा फुलला', नापास तर 'साकुरा गळाला'. साकुरा म्हणजे चेरीचा फुलोरा. केवढा नाजूक शब्द, आणि केवढा घाव! हल्ली परीक्षेला जाणाऱ्या मुलाला किटकॅट चॉकलेट देतात, कारण त्याचे नाव 'कित्तो कात्सु', म्हणजे 'नक्की जिंकणार', यासारखे ऐकू येते.

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. जपान्याला मिसु, आउतो, पांकु हलके वाटतात, कारण ते शब्द खेळातून आणि सायकलीवरून आले. जिथे खरे दुखते, तिथे तो आपल्या भाषेत बोलतो. आपले उलटे झाले. आपल्याकडे इंग्रजी आली ती साहेबाच्या कचेरीतून आणि परीक्षेच्या हॉलमधून. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात पास झाले, पण बसलेल्यांपैकी बरेच जण राहिले. तेव्हापासून 'फेल' हा शब्द आपल्या घरात शिरला तो निकालपत्र घेऊनच. 'नापास' तर काय, अर्धा आपला 'ना' आणि अर्धा त्यांचा 'पास'. लग्नाच्या बोलणीत "मुलगा मॅट्रिक फेल आहे" असे सांगायचे, जणू ती पदवी! मशिदीत पास झालेल्याचे पेढे वाटले जात, घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा होई. नापासाचा मलिदा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आता लपवून काय करायचे? आम्ही स्वतः १९६६ साली एस.एस.सी.ला नापास झालो होतो. इंग्रजीत. तेव्हा निकालाचे नंबर वर्तमानपत्रात छापून येत. बाबांनी पहाटे पेपर आणला, बोट फिरवत फिरवत खाली गेले, पुन्हा वर आले. आमचा नंबर नव्हता. आई पदराने डोळे पुसू लागली. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "नापास का?" आम्ही चार दिवस जिन्याखाली उतरलो नाही. इंग्रजी शब्द कधी तोंडातून काढायचा नाही असे ठरवले होते.

बाबा रेल्वेत होते. चौथ्या दिवशी ते जवळ येऊन बसले. म्हणाले, "फेल फेल काय लावलंयस? लोकल चुकली. मागून दुसरी येते. फक्त प्लॅटफॉर्म सोडून जाऊ नकोस." ऑक्टोबरची वारी केली आणि पास झालो. ती दुसरी गाडी मिळाली म्हणून पुढे इथे येऊन नर्सिंगही झाले. बाबांना जपानी येत नव्हते, पण त्यांनी आम्हाला 'दोनमाइ' म्हटले होते हे आम्हाला साठ वर्षांनी कोबेच्या मैदानात कळले.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर 'नापास'ऐवजी 'कौशल्य विकासासाठी पात्र' अशा अर्थाचा शेरा देऊ लागले. चांगला हेतू आहे. पण नुसता शब्द बदलून शेजारच्या काकू बदलत नाहीत. शिक्का कसाही असो, घरात पहिले वाक्य कोण काय बोलते, ते मूल जन्मभर विसरत नाही.

आता आमच्या कामातली एक गोष्ट. हसू येईल, पण आम्ही ती बरीच वर्षे कोणाला सांगितली नव्हती. १९७६-७७ ची असेल. आम्ही नवीन नर्स होतो. वॉर्डात आपल्यापैकीच एक वयस्क मावशी दाखल झाल्या, कोकणातल्या, हिब्रूचा गंध नाही. डॉक्टरांनी तपासून हिब्रूत सांगितले, "इ-स्फिकात लेव." आम्हाला म्हणाले, "तू त्यांच्या भाषेची आहेस, घरच्यांना समजावून सांग." आम्हाला मोठा अभिमान वाटला. बाहेर मावशींची बहीण आणि मुलगा उभे होते. पुस्तकात त्या आजाराचे इंग्रजी नाव 'हार्ट फेल्युअर' असे वाचलेले. आम्ही ऐटीत म्हटले, "मावशींचं हार्ट फेल झालंय."

आपल्याकडे 'हार्टफेल' म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. माणूस गेला! बहिणीने तिथेच हंबरडा फोडला. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. कोणीतरी मशिदीत निरोप द्यायला धावले. तेवढ्यात आतून मावशींचा खणखणीत आवाज आला, "कोण गं गेलं?"

सगळे हसले, रडले. मावशी त्यानंतर सहा वर्षे जगल्या आणि आम्हाला दिसेल तिथे "अगं, मी फेल की पास?" असे विचारायच्या. आम्ही हसून साजरे करायचो, पण तो मुलगा भिंतीशी बसला तो चेहरा डोळ्यांपुढून गेला नाही. चूक आमची होती. शब्द भाषांतर केला होता, अर्थ केला नव्हता.

कारण हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, पण त्याचा पंप शरीराला पुरा पडत नाही. हिब्रूतल्या 'इ-स्फिका'चा अर्थ नेमका तोच, अपुरे पडणे. जपानीत त्याला 'शिनफुझेन' म्हणतात. 'शिन' म्हणजे हृदय आणि 'फुझेन' म्हणजे पूर्ण नसलेले. तिथेही लोकांना हे नाव नीट कळत नव्हते, म्हणून २०१७ साली तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी साध्या भाषेत त्याची व्याख्या जाहीर केली: हृदय बिघडल्यामुळे दम लागतो, सूज येते, आजार हळूहळू वाढतो आणि आयुष्य कमी करतो. भीती घातली नाही आणि खोटा धीरही दिला नाही. आम्ही त्या मावशींच्या वेळेपासून एकच वाक्य वापरत आलो: "हृदय थकलंय, काम पुरं पडत नाही, आपण त्याला मदत करू."

विषय निघालाच आहे तर ज्येष्ठ वाचकांना सांगून ठेवतो. पंप पुरा पडला नाही की पाणी साचते. पावलांना सूज, आडवे झाल्यावर दम, एका उशीच्या दोन-तीन उशा लागणे, या खुणा आहेत. हा आजार असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले तर ते जेवणाचे वजन नव्हे, पाण्याचे आहे, डॉक्टरांना लगेच कळवावे. आणि पापड, लोणचे, सुके बोंबील यांच्याशी मैत्री थोडी कमी करावी. मीठ पाणी धरून ठेवते.

कोबेला मुलीच्या शेजारी एक नर्सबाई राहतात. मुलगी दुभाषी झाली आणि आमच्या छान गप्पा झाल्या. त्यांच्या इस्पितळात दोन इंग्रजी शब्द रोजचे: 'इन्सिदेंतो' आणि 'आकुसिदेंतो'. चूक होता होता राहिली, किंवा झाली पण रुग्णाला इजा झाली नाही, तर इन्सिदेंतो. इजा झाली तर आकुसिदेंतो. दोन्हीचा कागद लिहायचा. पहिल्यासाठी त्यांचा एक अस्सल जपानी शब्दही आहे, 'हियारी-हात्तो'. हियारी म्हणजे अंगातून गार शिरशिरी जाणे, हात्तो म्हणजे दचकणे. चुकीचे औषध हातात घेतले, लेबल वाचले आणि काळजात धस्स झाले, ते हियारी-हात्तो. कोणत्या नर्सला हे झालेले नाही?

आमच्या वेळी असे धस्स झाले की आम्ही गुपचूप बाटली जागेवर ठेवायचो आणि हेडनर्सला दिसले नाही म्हणून देवाचे आभार मानायचो. तिकडेही पूर्वी फार वेगळे नसावे. पण १९९९ च्या जानेवारीत योकोहामा शहर विद्यापीठाच्या रुग्णालयात भयंकर प्रकार झाला. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन रुग्णांना एकाच वेळी नेले गेले, दोघांची अदलाबदल झाली, आणि हृदयाच्या रुग्णाचे फुप्फुस आणि फुप्फुसाच्या रुग्णाचे हृदय उघडले गेले. सारा देश हादरला. त्यानंतरच्या वर्षांत तिथे अशा चुका आणि हुकता हुकता राहिलेल्या चुका गोळा करून त्यांचा अभ्यास करण्याची पद्धत आली. २००४ पासून ते काम देशपातळीवर चालते. कोणी चूक केली यापेक्षा चूक कुठून आत शिरली, हे शोधायचे. सायकलवाला पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधतो ना, तसे.

हे ऐकताना आमच्या मनात दुसरेच काही येत होते. आपल्या हिब्रूत पापाला 'हेत' म्हणतात. त्याच धातूचा अर्थ नेम चुकणे असाही आहे. शास्ते या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात बन्यामिन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे, आणि तिथे 'न चुकणे' यासाठी हाच धातू आला आहे. म्हणजे पाप म्हणजे मिसु! नेम धरला होता, दगड बाजूला गेला. आणि दारफाळणीच्या सणाला, योम किप्पूरला, आपण छातीवर हात मारून या चुका कबूल करतो तेव्हा 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. एकाचा चेंडू सुटला तरी सगळी टीम उभी असते. लहानपणी आम्हाला वाटायचे, जे आपण केलेच नाही ते का म्हणायचे? आता वाटते, शेजारी उभ्या असलेल्या बाईने एकटीने म्हणायला नको, म्हणून.

निघताना नातवाने आम्हाला एक दारुमा दिला. लाल रंगाची, कागदाच्या लगद्याची गोल बाहुली, हातपाय नाहीत, तळ जड. कशीही ढकला, उठून बसते. जपानी म्हण आहे, सात वेळा पडा, आठ वेळा उठा. आपल्या नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायातला नीतिमान माणूसही सात वेळा पडून उठतो. आणि दारुमा म्हणजे कोण? बोधिधर्म, आपल्याच हिंदुस्थानातून पूर्वेला गेलेला साधू. म्हणजे तोही आपल्यासारखा देश सोडून गेलेला. दारुमाला डोळे नसतात. इच्छा धरताना एक डोळा रंगवायचा, पुरी झाली की दुसरा. आमचा अजून एकडोळ्याच आहे, टीव्हीजवळ बसतो. नातवाने इच्छा विचारली होती, पण आम्ही सांगितली नाही.

आल्यावर दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. गणितात कमी मार्क पडले होते. आवाज बारीक. मुलगी मागून काहीतरी रागाने बोलत होती, ते ऐकू येत होते. आम्ही म्हटले, "बाळा, पांकु झालंय. कुठे हवा जातेय ते आधी शोधू. आईला फोन दे." मग मुलीला म्हटले, "तुझ्या आजोबांनी मला काय सांगितलं होतं, ते तुला सांगितलंय ना?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लोकल चुकली." आम्ही म्हटले, "हां. तेच त्याला सांग."

बाळगोपाळांनो, आता तुमचे काम. या शब्बाथला घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, तुम्ही कशात फेल झाला होता? आणि तेव्हा तुम्हाला कोण काय म्हणालं? ते 'नाही बुवा' म्हणतील, सोडू नका, पुन्हा विचारा. मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. आणि आजी-आजोबांनो, खरे सांगा. आमचे उत्तर वर छापून आलेच आहे. मार्क तेवढे राहिले: इंग्रजी, शंभरात एकतीस.